ताटलीतला डोळा

१

आमच्या घरात सकाळचं पहिलं काम म्हणजे व्हॅलेरीच्या डोळ्याला पॅच लावणं. चहाच्याही आधी. ती आठ वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या उजव्या डोळ्याची पापणी अर्धी पडलेली, त्यामुळे तो डोळा आळशी झाला. चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकला की आळशी डोळ्याला काम करावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून पॅच डाव्या डोळ्याला. शाळेत पहिल्या सुट्टीपर्यंत ठेवायचा, मग टीचर काढून टाकते. दोन वर्षं झाली, हे काम माझ्याकडे आहे, कारण बायको सकाळी पाचलाच ड्युटीवर निघते आणि शिवाय मी काटेकोर माणूस आहे. पॅच भुवईला चिकटला की काढताना केस उपटतात. माझ्या हातून तसं एकदाही झालेलं नाही.

त्या मंगळवारी ती नेहमीसारखी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पेंगत होती. मी पॅचचा कागद सोलला आणि तिच्या डाव्या डोळ्याकडे हात नेला.

"पप्पा, नो! दॅट्स माय स्लीपी आय."

मी थांबलो. खरंच की. डावी पापणी अर्धी मिटलेली होती आणि उजवा डोळा टक्क उघडा, माझ्याकडे बघत होता. मी हसलो. झोपेत माणूस काय वाटेल ते करतो. पॅच उजव्या डोळ्याला लावला, तिला डबा दिला, बसपर्यंत सोडून आलो. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या गल्लीत तेव्हाच घाम फुटायला लागला होता.

वर आलो आणि हात धुताना माझ्या लक्षात आलं की माझा हात काही केल्या ऐकत नाहीये. रिकाम्या हाताने मी पॅच लावण्याची नक्कल करून पाहिली. हात पुन्हा डावीकडेच गेला. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच. दोन वर्षांची सवय चुकते कशी?

२

माझं काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. माझं नाव डग्लस, गाव वसईचं गिरीज. इथे दोह्यात एका श्रीमंत कतारी गृहस्थांचा जुन्या छापील चित्रांचा संग्रह आहे, त्याचे फोटो काढून ठेवण्याचं काम मी करतो. नजमा भागाच्या कडेला एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची खोली. खिडकी नाही, एसी बर्फासारखा, आणि मी आणि लाहोरचा रिफत असे दोघंच.

चित्रं बहुतेक चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीची, युरोपातली. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघा कोरायच्या, रेघांत शाई भरायची आणि वर ओला कागद दाबायचा. फोटो नव्हते त्या काळात चर्चमधली मोठी चित्रं अशीच कागदावर उतरून जगभर गेली. आमच्या वसईलाही पाद्रींच्या पेटाऱ्यांतून आली असणार. पण होतं काय, की एखादा कारागीर दुसऱ्याच्या छापाची नक्कल करायला बसला, की तो समोर दिसतं तसंच पत्र्यावर कोरायचा, आणि कागदावर चित्र उलटं उमटायचं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. त्यामुळे नकलांमधले संत डाव्या हाताने आशीर्वाद देतात आणि शिपायांच्या तलवारी भलत्याच कमरेला असतात.

"हाथ देखो पहले," रिफतने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "और लिखाई पे मत जाओ. लिखाई वो लोग सीधी कर लेते थे."

ते खरं आहे. चित्र उलटं झालं तरी चालायचं, पण खालचं नाव उलटं आलं तर गिऱ्हाईक घेत नसे. म्हणून अक्षरं तेवढी ते मुद्दाम उलटी कोरायचे, म्हणजे छापात सरळ येत. अक्षरं सरळ आहेत एवढ्यावरून चित्र सरळ आहे असं म्हणता येत नाही.

अशाच नकलांत आम्हाला सांता लुसी या संतिणीचं चित्र सापडलं. डोळ्यांच्या दुखण्याला आमच्यात तिचा धावा करतात. तिच्या हातात ताटली असते आणि ताटलीत दोन डोळे. या कागदावरच्या कारागिराने एक वेगळंच केलं होतं. दोनपैकी एक डोळा उघडा आणि दुसऱ्याची पापणी अर्धी पडलेली. मी तो फोटो घरी दाखवला तेव्हा माझी बायको अँजेलीन बराच वेळ बघत राहिली.

"डग्लस, ही तर आपल्या व्हॅलूसाठीच काढलीय. मला छापून आण ना."

पुढच्या बुधवारी व्हॅलेरीच्या पापणीचं ऑपरेशन होतं. त्याआधी नऊ दिवस प्रार्थनेची नोव्हेना करायची, असं अँजेलीनने ठरवलं होतं. मी सोमवारी चित्र छापलं. पण वर ढगातला बाळ येशू डाव्या हाताने आशीर्वाद देत होता, आणि घरच्या आल्तारावर तसलं चित्र लावणं मला पटेना. कॉम्प्युटरवर मी अख्खं चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं फिरवून घेतलं, खालच्या अक्षरांची पट्टी कापून पुन्हा सरळ बसवली. संग्रहाच्या कामात असं करायला सक्त मनाई आहे, पण हे घरासाठी होतं. ताटलीतला पडलेल्या पापणीचा डोळा आता दुसऱ्या बाजूला गेला, हे मला दिसलं होतं. त्याचं काही वाटलं नाही.

पॅचचा घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

३

संध्याकाळी अँजेलीन आली. ती इथल्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. बूट काढत असतानाच मी विचारलं.

"अँजी, व्हॅलूचा कुठला डोळा गं?"

"डावा. का रे?"

"डावा?"

"अरे, असं काय करतोस? दिवसभर उलटंसुलटं करून तुझं डोकं फिरलंय." ती हसली. पण हसताना माझ्याकडे बघत नव्हती, एवढं मला आठवतं.

मी ऑपरेशनची फाइल काढली. डावा. पहिल्या तपासणीचा कागद, त्यावर डॉक्टर रबियाने पेनाने काढलेला डोळा, विम्याचा फॉर्म, सगळीकडे डावा. मग फोनमधले फोटो. यातले निम्मे सेल्फी. सेल्फीत तोंड उलटं दिसतं की नाही, हे फोनच्या सेटिंगवर असतं, आणि माझा फोन दोनदा बदललाय. बाप्तिस्म्याच्या फोटोत मागे तिच्या नावाचा बोर्ड होता, अक्षरं सरळ, डोळा डावा. मी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच मला रिफतचं बोलणं आठवलं. अक्षरांवर जाऊ नये.

जेवताना व्हॅलेरी डाव्या हाताने चमचा धरून वरणभात खात होती.

"ही डाव्या हाताने कधीपासून जेवते?"

"व्हॉट?" व्हॅलेरी म्हणाली.

"ती डावखुरीच आहे, डग्लस," अँजेलीन म्हणाली. "जेव तू."

मला भीती वाटली. खरं सांगायचं तर भीती पोरीची नव्हती, माझ्या डोक्याची होती. माझे एक काका म्हातारपणी घरातल्या घरात रस्ता चुकायचे. मी अजून त्रेचाळीसचा आहे. आणि पुढच्या बुधवारी मला एका कागदावर सही करायची होती की अमुक डोळ्याचं ऑपरेशन करा. कागदावर डावा असणार, पोरीच्या तोंडावरही डावा. मग माझी अडचण काय? अडचण एवढीच की माझा हात तिच्या उजव्या डोळ्याला वाईट म्हणत होता, आणि मला माझ्या हाताचं खरं वाटत होतं.

आठवडाभर मी पॅच लावताना आधी तिलाच विचारायचो. "कुठला, बाय?" ती कंटाळून बोट दाखवायची. शुक्रवारी अबू हमूरच्या चर्चमध्ये तिने डाव्या हाताने क्रूसाची खूण केली. मागच्या बाकावरच्या एका बाईने तिचा हात धरून सुधारला आणि आमच्याकडे बघून मान हलवली. मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं, की चला, कुणाला तरी हे खटकलं.

४

रविवारी मी कामावर लुसीची फाइल पुन्हा उघडली.

रिफत मागून करक चहाचा कप घेऊन आला. "फिर से लुसी?"

"फिर से म्हणजे? एकदाच तर छापली."

त्याने कपाटातून कागदाचा खोका काढून मला दाखवला. "ये कॉटनवाला पेपर खतम होने को आया, भाई. मंगवाना पड़ेगा." मग तो माझ्या शेजारी बसला आणि पडद्यावर वाकला.

मी त्याला म्हटलं, एक सांग. उलट्या नकलेची कुणी पुन्हा नक्कल केली तर?

"तो सीधी हो जाती है. उल्टे का उल्टा." त्याने घोट घेतला. "वो वाली सबसे मुश्किल. हाथ ठीक, तलवार ठीक, सब ठीक. कोई नहीं पकड़ सकता."

"मग ओळखायची कशी?"

"लकीरें देखो. असली वाले ने जहाँ बीस लकीरें मारी हैं, नक्काल बारह में काम चलाता है. और जहाँ समझ नहीं आया, वहाँ बस एक सीधी लाइन." तो उठला. "घर पे सब ख़ैरियत?"

मी हो म्हटलं. तो गेल्यावर मी चित्र न फिरवता, मूळ कागदावर होतं तसंच छापलं. बाळ येशू डाव्या हाताने आशीर्वाद देईना का. मी काही वेडा नाही. चित्राने काही होतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. गॅस बंद केलाय हे माहीत असतानाही माणूस जिन्यातून परत येऊन बघतोच ना, त्यातलाच प्रकार.

घरी नेऊन मी आल्तारावरचं चित्र काढलं आणि हे लावलं. अँजेलीन दारात उभी होती. मी काढलेलं चित्र फाडायला लागलो तर ती पुढे आली.

"फाडू नकोस. दे इकडे, मी ठेवते."

५

सोमवारी सकाळी स्टुलावर बसलेल्या व्हॅलेरीची उजवी पापणी पडलेली होती.

मी तिथेच खाली बसलो. पॅच डाव्या डोळ्याला लावला, माझा हात स्वतःहून गेला तिकडेच. तिने उजव्या हाताने दूध प्यायलं. मी फाइल काढली, सगळीकडे उजवा. डॉक्टर रबियाने पेनाने काढलेला डोळाही उजवा. मला वाटलं, संपलं सगळं. आठवडाभर मला ताप असेल, कामाचा ताण असेल, आता नीट झालं. मी मोठ्याने "खलास" म्हणालो आणि व्हॅलेरीने मागे वळून पाहिलं.

बुधवारी हॉस्पिटलात डॉक्टर रबिया हैदराबादी हिंदीत बोलत आत आली आणि जांभळ्या पेनाने व्हॅलेरीच्या उजव्या भुवईवर बाण काढला. नियमच असतो, बापाला विचारायचं, आईला विचारायचं आणि मुलालाही.

"कौनसी आँख, पापा?"

"उजवी. राइट," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं मी घाबरलोय. अँजेलीनने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिने स्वतः उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. मग तीही उजवीच म्हणाली.

तासाभराने ऑपरेशन नीट झालं.

६

पट्टी निघाली शनिवारी दुपारी. सूज होती, पण पापणी वर उचललेली होती. व्हॅलेरीने आरशात बघितलं आणि "वॉव" म्हणून नाचली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिचे दोन्ही डोळे एकसारखे उघडे होते. मलाही आनंद झाला, खूप झाला. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते, संध्याकाळी मलम लावायचं होतं. मी तिला खिडकीशी बसवलं, पडदा सारला आणि तिची हनुवटी धरली.

हनुवटीवर तिला एक जुनी खूण आहे. समुद्राकाठच्या कॉर्निशवर सायकलवरून पडली होती, तीन टाके पडले. टाक्यांचे ठिपके अजून दिसायचे, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. आता तिथे फक्त एक सरळ रेघ होती.

खुणा पुसट होतात, मी स्वतःला सांगितलं. मुलं वाढतात.

थेंब टाकायला मी आणखी खाली वाकलो. ऊन तिच्या डोळ्यात तिरपं पडलं होतं. बुब्बुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागात लाल शिरा असतात, सगळ्यांच्याच असतात, वेड्यावाकड्या, झाडाच्या मुळांसारख्या. तिच्या शिरा वेड्यावाकड्या नव्हत्या. त्या एकमेकींना समांतर होत्या, सारख्या अंतरावर. त्यांच्यावरून तिरप्या दुसऱ्या गेल्या होत्या, त्याही समांतर. मध्ये चौकटी झाल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत बरोबर एक ठिपका. मी रोज आठ तास भिंगातून हेच बघतो. सावली दाखवायची असली की ते कारागीर असंच कोरायचे.

मी दुसऱ्या डोळ्यात पाहिलं. ज्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं त्यात.

"पप्पा, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?"

"काही नाही, बाय."

"देन डू इट, ना."

मी थेंब टाकला. तिने डोळे मिटले, पाणी गालावरून खाली आलं. पाणी खरं होतं, गरम होतं. मी ते अंगठ्याने पुसलं.

७

अँजेलीन बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या करत होती. मी दार ओढून घेतलं.

"अँजी, मी उद्या लुसी परत छापतो. या वेळी मूळ कागद नीट बघून. कुठेतरी चूक झालीय. ही... ही आपली नाही."

तिने हातातला युनिफॉर्म खाली ठेवला. घाबरली नाही, मला वेडाही म्हणाली नाही. कपाटातून एक्स-रेचा मोठा लिफाफा काढला आणि त्यातले कागद पलंगावर एकापुढे एक मांडले. सगळ्या लुसी, आल्तारावरचीसुद्धा. मी दोन छापल्या होत्या. पलंगावर सहा होत्या.

पहिलीत बाळ येशूचा हात उजवा, दुसरीत डावा, तिसरीत उजवा, चौथीत डावा. सगळ्या एकाच फाइलवरून छापलेल्या, माझ्याच प्रिंटरवर. तरी पहिलीतल्या रेघा केसासारख्या होत्या आणि सहावीत त्या जाड आणि विरळ झाल्या होत्या. लुसीचा चेहरा सहावीत साधा झाला होता, शाळेच्या पुस्तकातल्यासारखा.

"हे कधी?"

"पहिली मीच मागितली म्हणून नाताळाच्या आधी आणलीस. मग दर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तेच. दर वेळी सकाळी घाबरून मला विचारतोस की कुठला डोळा. दर वेळी तुला वाटतं पहिल्यांदाच होतंय. मग दुसरी छापून आणतोस आणि म्हणतोस, आता बरोबर झालं."

"आणि तुला?"

"मला सगळं आठवतं, डग्लस." तिचा आवाज अगदी साधा होता, वॉर्डात पेशंटच्या नातेवाईकांशी बोलते तसा. "मला सगळ्या मुली आठवतात. एक ब्रेडच्या कडा काढून खायची. एकीला लिफ्टची भीती वाटायची. एक झोपेत हसायची."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू धावत जाऊन नवीन छापून आणलीस."

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कार्टून चाललं होतं आणि व्हॅलेरी हसत होती. अगदी तिच्यासारखंच हसत होती. मी पलंगाच्या कडेला, कागदांच्या शेजारी बसलो. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"पहिली कशी होती?"

अँजेलीनने पहिल्या कागदावरून बोट फिरवलं. मग तिच्या तोंडावर हसू आलं आणि त्यातच ती रडायला लागली.

"हट्टी होती रे. तीन-तीन हाका मारल्याशिवाय जागची हलायची नाही."

तिने पदराने नव्हे, त्या युनिफॉर्मच्याच बाहीने डोळे पुसले आणि कागद गोळा करून लिफाफ्यात भरले. लिफाफा छातीशी धरून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"आता नाही. ऑपरेशन हिने सोसलंय. रात्री दुखलं तेव्हा हिने माझा हात धरला होता. ही जशी आहे तशी मला हवी आहे. पुढची याहून कमी असेल, डग्लस. तू काही छापणार नाहीस. नावाची शपथ घे तिच्या."

मी शपथ घेतली. घेताना नाव उच्चारलं, आणि कुणाचं नाव घेतोय हे मला कळत नव्हतं.

फोनमध्ये औषधाची घंटा वाजली. मलमाची वेळ झाली होती. अँजेलीनने ट्यूब माझ्या हातात दिली आणि दार उघडलं. मी चौकटीत उभा राहिलो. सोफ्यावरून तिचं डोकं तेवढं दिसत होतं, दोन वेण्या, माझीच पाठमोरी मुलगी. मी देवाकडे एकच मागितलं, की तिने ऐकू नये, टीव्हीकडेच बघत राहावं, मला पुन्हा हाक मारायला लावावी.

"व्हॅलेरी," मी म्हटलं.

ती पहिल्याच हाकेला उठून आली.